अश्वारोहणाच्या रिंगणातील प्रकाशयोजना : निफाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

घोडा अंधारात माणसापेक्षा अधिक चांगले पाहतो, ही गोष्ट पागेवर आयुष्य घालविलेला कोणताही मोतद्दार सांगेल. चांदण्या रात्री स्वाराला वाट दिसेनाशी झाली, तरी लगाम सैल सोडताच घोडा बिनचूक घर गाठतो. मग ज्या रिंगणात घोडा फिरवावयाचा, तेथे रात्री दिव्यांची आवश्यकता ती काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. परंतु याच्या जोडीला दुसराही एक अनुभव तितकाच सर्वपरिचित आहे. चांदण्यात निर्धास्तपणे चालणारा तोच घोडा एखाद्या प्रखर दिव्याखालून अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळविला, की एकाएकी बुजतो, कान टवकारतो आणि स्वाराला पाडून मोकळा होतो. या दोन अनुभवांतील विसंगती केवळ वरवरची आहे. घोड्याला अडचण होते ती प्रकाश कमी असल्यामुळे नव्हे, तर प्रकाश विषम असल्यामुळे. रिंगणाच्या प्रकाशयोजनेचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे असे म्हटले तरी चालेल. प्रस्तुत लेखात त्याचाच विस्तार करावयाचा आहे.

१. विषयाची स्थानिक पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याला घोडा नवीन नाही. निफाडच्या पूर्वेस असलेल्या येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. नाशिक येथे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये अश्वारोहणास शिक्षणाचे एक अंग मानण्यात आले आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अकादमीतील प्रशिक्षणातही घोडेस्वारीचा अंतर्भाव आहे. रिंगणात दिव्यांच्या उजेडात घोडे खेळविण्याची परंपराही मराठी माणसास परकी नाही. १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे मुळात अश्वविद्येचे जाणकार होते. सर्कशीच्या रिंगणाचा व्यास ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर ठेवण्याचा प्रघात इंग्लंडात फिलिप ॲस्ले याच्यापासून पडला. एवढेसे वर्तुळ काही दिव्यांनी सहज उजळून निघते. अश्वारोहणाचे आधुनिक रिंगण मात्र २० मीटर रुंद व ६० मीटर लांब असते. त्याचे क्षेत्र सर्कशीच्या रिंगणाच्या जवळजवळ नऊपट भरते, आणि तेथे सर्कशीची रीत पुरी पडत नाही.

संध्याकाळच्या स्वारीची गरज निफाडसारख्या ठिकाणी दोन कारणांनी उत्पन्न होते. पहिले कारण म्हणजे उन्हाळा. चैत्र-वैशाखात दुपारी घोड्यास श्रम देणे अनिष्ट असते व सूर्य मावळेपर्यंत जमीनही निवत नाही. दुसरे कारण हिवाळ्याचे. निफाड सुमारे २०.१ अंश उत्तर अक्षांशावर व ७४.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यावरून गणित केल्यास २१ डिसेंबरच्या सुमारास तेथे सूर्योदय सकाळी ७ वाजून ४ मिनिटांच्या आसपास व सूर्यास्त सायंकाळी ६ च्या सुमारास होतो. दिवस सुमारे १० तास ५५ मिनिटांचाच असतो. शाळा-महाविद्यालये सुटल्यानंतर विद्यार्थी खोगीर चढवीपर्यंत तिन्हीसांजा झालेल्या असतात. पहाटेचा पर्यायही सोयीचा नाही, कारण निफाड हे थंडीसाठी ख्यात असून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात किमान तापमान ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी वारंवार होतात. यास्तव सायंकाळचे दोन तास उपयोगात आणावयाचे, तर दिवे लावावेच लागतात.

उष्णतेपासून बचाव करण्यासाठी रात्रीचा आश्रय घेण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे टोकियोचे ऑलिंपिक सामने होत. २०२१ च्या उन्हाळ्यात झालेल्या या सामन्यांत दमट उकाड्यामुळे अश्वारोहणाच्या अनेक स्पर्धा सायंकाळनंतर प्रकाशझोतांत घेण्यात आल्या. भारताच्या फवाद मिर्झा यांनी त्रिविध अश्वारोहण स्पर्धेत २३ वा क्रमांक मिळविला, तो याच सामन्यांत. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई सामन्यांत भारतीय संघाने अश्वनियंत्रणाच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. या यशानंतर लहान गावांतही रिंगणे उभारण्याचा विचार होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या मैदानाचे दिवे जसेच्या तसे उचलून रिंगणाभोवती उभे करण्याचा मोह होतो. तो का टाळावा, हे समजण्यासाठी प्रथम घोड्याच्या डोळ्याची रचना पाहिली पाहिजे.

२. घोड्याची दृष्टी

जमिनीवरील सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. माणसाच्या नेत्रगोलाचा व्यास सुमारे २.४ सेंटिमीटर, तर घोड्याचा सुमारे ४ सेंटिमीटर असतो. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे घोड्यास मान न वळविता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. केवळ शेपटीमागील अरुंद पट्टा व कपाळासमोरील अगदी निकटचा भाग तेवढा दृष्टिआड राहतो. यातून पहिला निष्कर्ष असा निघतो की, माणसास 'पाठीमागचा' वाटणारा दिवा घोड्यास बाजूचा किंवा समोरचाच असतो. स्वार दिव्याकडे पाठ करू शकतो, परंतु घोडा करू शकत नाही.

दुसरी गोष्ट नेत्रपटलामागील परावर्तक थराची. रात्री मोटारीच्या उजेडात जनावरांचे डोळे चमकतात ते या थरामुळे. नेत्रपटलातून एकदा गेलेला प्रकाश तो परत फिरवितो, आणि त्यामुळे अपुऱ्या उजेडाचाही दुहेरी लाभ मिळतो. घोड्याच्या डोळ्यात हा थर नेत्रगोलाच्या मागील भिंतीच्या वरच्या भागी असतो. डोळ्यातील प्रतिमा उलटी पडत असल्याने वरच्या भागावर जमिनीची प्रतिमा उमटते, खालच्या भागावर आकाशाची. म्हणजे निसर्गाने ही सोय अंधुक जमीन पाहण्यासाठी केलेली आहे. शिवाय घोड्याची बाहुली आडवी असून तिच्या वरच्या काठावर काळसर रंगाचे बारीक मांसल उंचवटे असतात. माथ्यावरून येणाऱ्या उन्हाची तिरीप अडविणारी ती जणू झापडच होय. तात्पर्य, घोड्याचा डोळा वरून येणारा प्रकाश सोसण्यास व खालची जमीन न्याहाळण्यास सिद्ध झालेला आहे. ठेंगण्या खांबावरून क्षितिजाच्या रेषेत येणाऱ्या झोताविरुद्ध मात्र त्यास असे संरक्षण नाही.

तिसरी गोष्ट अनुकूलनाची. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावण्यास माणसासही काही मिनिटे लागतात. घोड्यास त्याहून अधिक वेळ लागतो. आता उड्यांच्या स्पर्धेत प्रचलित असलेली मिनिटास ३५० मीटरची गती घेतली, तर घोडा सेकंदाला सुमारे ५.८ मीटर जातो. २० मीटर रुंदीचे रिंगण तो साडेतीन सेकंदांत ओलांडतो. डोळा सरावण्याचा काळ मिनिटांत आणि उजेडातून छायेत जाण्याचा काळ सेकंदांत मोजावयाचा असल्यामुळे, रिंगणातील अंधारा पट्टा घोड्याच्या लेखी खड्डाच ठरतो. तो उडी मारून तरी टाळला पाहिजे किंवा जागच्या जागी थबकून तरी. दोन्ही गोष्टी स्वारास घातक होत. उडीच्या अखेरच्या टप्प्यात अडथळा घोड्याच्या दृष्टिक्षेत्रातून निसटतो व तो आधी पाहिलेल्या चित्राच्या भरवशावर झेप घेतो. ते चित्रच सदोष असेल, तर घोड्याचा पाय आणि स्वाराची मान या दोहोंची किंमत द्यावी लागते.

चौथी गोष्ट रंगांची. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, तर घोड्याच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या असतात. निळा व पिवळा यांतील भेद त्यास कळतो. तांबडा, नारिंगी व हिरवा हे मात्र एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतींतील अडथळ्यांच्या पट्ट्या दीर्घकाळ नारिंगी रंगाने रंगविण्याची चाल होती. एक्झीटर विद्यापीठातील अभ्यासातून असे दिसून आले की हा रंग स्वारास ठळक वाटला तरी घोड्यास तो गवतापासून फारसा वेगळा दिसत नाही. त्यानंतर २०२२ पासून तेथे नारिंगीच्या जागी पांढरा रंग योजण्यास आरंभ झाला. रात्रीच्या रिंगणास हा धडा विशेषच लागू पडतो, कारण उजेड कमी होताच रंगभेद प्रथम नाहीसा होतो आणि केवळ उजळ व काळोखे एवढाच भेद उरतो.

३. प्रदीपन, समता आणि छाया

पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती प्रकाश पडतो, त्याला प्रदीपन म्हणतात व ते लक्समध्ये मोजतात. पौर्णिमेच्या चांदण्याचे प्रदीपन पाव लक्सच्या आसपास, तर भर दुपारच्या उन्हाचे सुमारे एक लाख लक्स असते. खुल्या रिंगणासाठी साध्या सरावास १०० लक्स, स्थानिक स्पर्धेस २०० लक्स आणि मोठ्या स्पर्धेस ५०० लक्स हे प्रमाण सामान्यतः योग्य समजले जाते. परंतु सरासरी आकड्याने फसगत होऊ शकते. सरासरी २०० लक्स असलेल्या रिंगणात दिव्याखाली ६०० व कोपऱ्यात २० असे असू शकेल. म्हणून सरासरीबरोबरच समतेचा विचार केला जातो. किमान प्रदीपनास सरासरी प्रदीपनाने भागले असता येणारा गुणांक निदान ०.५ असावा, आणि स्पर्धेच्या रिंगणात तो ०.७ पर्यंत न्यावा. निवड करण्याची पाळी आल्यास २०० लक्सचा विषम प्रकाश सोडून १०० लक्सचा सम प्रकाश पत्करावा, हे वर सांगितलेल्या अनुकूलनाच्या कारणावरून उघड आहे.

विषमता कशी उद्भवते, हे एका साध्या गणिताने कळेल. १० मीटर उंचीवरील एक दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाश टाकतो असे धरू. त्याच्या बुडाशी जे प्रदीपन असेल, ते बुडापासून १३ मीटर अंतरावर किती उरेल ? दिव्यापासूनचे तिरपे अंतर १६.४ मीटर होते आणि प्रकाश जमिनीवर तिरका पडतो. अंतराच्या वर्गाचा नियम व तिरकेपणाचा नियम एकत्र केले, म्हणजे प्रदीपन कोनाच्या कोज्येच्या घनाच्या प्रमाणात घटते. येथे कोज्या ०.६१ असल्याने तिचा घन ०.२३ येतो. म्हणजे रिंगणाच्या मध्यभागी बुडाच्या एकचतुर्थांशाहूनही कमी प्रकाश पोहोचतो. एका बाजूच्या दिव्यांनी ही उणीव भरून निघत नाही. समोरासमोरच्या खांबांवरील दिव्यांचे प्रकाश मध्यभागी एकमेकांवर पडले पाहिजेत, आणि प्रत्येक दिव्याचे परावर्तक असे असले पाहिजे की त्याचा अधिक प्रकाश दूरच्या भागाकडे जाईल.

खांबाच्या उंचीचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. मैदानी खेळांच्या प्रकाशयोजनेत असा संकेत आहे की, मैदानाच्या मध्यापासून दिव्याकडे पाहता ती रेषा क्षितिजाशी निदान २५ अंशांचा कोन करावी, म्हणजे डोळे दिपत नाहीत. मात्र हा कोन जमिनीपासून मोजण्याची जी सवय आहे, ती येथे उपयोगी नाही. घोड्यावर बसलेल्या स्वाराचा डोळा जमिनीपासून सुमारे २.४ मीटर उंच असतो. खांब रिंगणाच्या काठापासून ३ मीटर बाहेर उभा केला, तर मध्यापासून त्याचे अंतर १३ मीटर होते. २५ अंशांसाठी जमिनीपासून मोजून खांब ६ मीटरचा पुरेसा वाटतो. परंतु स्वाराच्या डोळ्यापासून मोजता त्यात २.४ मीटर मिळवून तो साडेआठ मीटर हवा असे दिसते. दूरच्या काठावरील स्वाराचा विचार करून १० मीटरची उंची घेणे हितावह. ६ मीटरचे खांब स्वस्त पडतात म्हणून जेथे उभारले जातात, तेथे 'दिवे भरपूर, पण दिसत काही नाही' अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ या २.४ मीटरांत आहे.

छायेचेही तेच. २.४ मीटर उंचीच्या स्वाराची छाया १० मीटरच्या दिव्यामुळे रिंगणाच्या मध्यभागी सुमारे ४.१ मीटर लांब पडते. खांब ६ मीटरचा असेल तर तीच छाया ८.७ मीटरची होते. घोड्याच्या पुढे पळणारी अशी लांबलचक काळी आकृती त्यास बुजविण्यास पुरेशी असते. शिवाय अनेक दिशांनी प्रकाश येत असेल, तर एका दिव्याची छाया दुसऱ्याच्या उजेडाने पुसट होते. छाया पूर्णपणे नाहीशी करता येत नाही व करूही नये, कारण अडथळ्याच्या दांडीची गोलाई व खोली थोड्याशा छायेवाचून उमगत नाही. ती सौम्य व आखूड असावी इतकेच.

४. जमिनीचा वाटा

प्रकाशयोजना म्हणजे केवळ दिवे अशी समजूत असल्यामुळे जमिनीकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः डोळ्यास दिसतो तो जमिनीवर पडलेला प्रकाश नव्हे, तर जमिनीने परत फेकलेला प्रकाश. निफाडचे खोरे काळ्या मातीचे आहे. ही माती पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १० टक्केच परत फिरविते, आणि ओली झाली की त्याहूनही कमी. कोरडी, फिकट वाळू सुमारे ३० टक्के प्रकाश परत देते. २०० लक्स प्रदीपनात वाळूची दीप्ती प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १९ कँडेला, तर काळ्या मातीची सुमारे ६ कँडेला येते. काळ्या मातीवर वाळूइतकाच उजेड दिसावयाचा, तर दिवे तिप्पट लागतील.

येथे दिव्यांपेक्षा जमीन बदलणे स्वस्त पडते, आणि ती दुसऱ्याही कारणाने बदलावीच लागते. काळी माती पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. घोड्याच्या खुरास दोन्ही अपायकारक. म्हणून मुरुमाची बैठक घालून वर फिकट वाळूचा थर देणे उचित होय. तो थर किंचित ओलसर ठेवावा. कोरड्या जमिनीवरून उठलेली धूळ झोतात सापडली, की हवेतच पांढरा पडदा उभा राहतो. मात्र पाणी साचू देऊ नये, कारण डबक्यात दिव्याचे प्रतिबिंब पडून खालूनच डोळे दिपतात. अशा ठिकाणी झापडीची नैसर्गिक योजना निरुपयोगी ठरते आणि घोडा डबके ओलांडण्यास हमखास नकार देतो.

५. निफाड परिसरासाठी एक नमुना-आराखडा

वरील तत्त्वे एकत्र आणण्यासाठी निफाड परिसरात २० मीटर × ६० मीटर मापाचे खुले रिंगण उभारावयाचे आहे असे कल्पू. लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे उगवत्या व मावळत्या सूर्याकडे तोंड करून लांब पल्ला धावावा लागत नाही. क्षेत्र १२०० चौरस मीटर. २०० लक्ससाठी जमिनीवर २,४०,००० ल्यूमेन प्रकाश पडला पाहिजे. दिव्यांतून निघणाऱ्या प्रकाशापैकी निम्माच नेमक्या जागी पडतो असे धरले, आणि धूळ बसल्याने व दिवे जुने झाल्याने होणारी घट लक्षात घेऊन ०.८ चा गुणांक लावला, तर एकूण ६,००,००० ल्यूमेन लागतात. एका वॅटला १२० ल्यूमेन देणारे एल.ई.डी. दिवे योजल्यास विजेची गरज ५ किलोवॅट होते. रोज दोन तास याप्रमाणे महिन्यातील २५ दिवस दिवे लावल्यास २५० युनिट वीज खर्च होईल. सरावापुरते १०० लक्स ठेवल्यास ती निम्म्यावर येईल. यासाठी दिवे टप्प्याटप्प्याने मंद करण्याची सोय असावी. निम्मे दिवे विझवून वीज वाचविण्याचा मार्ग अवलंबू नये, कारण त्यात समतेचाच बळी जातो.

लांब बाजूंवर प्रत्येकी चार, असे आठ खांब पुरेत. दोन खांबांतील अंतर १५ मीटर व पहिला खांब कोपऱ्यापासून साडेसात मीटरवर ठेवावा. प्रत्येक खांबावर सुमारे ३७,५०० ल्यूमेनचे दोन दिवे बसवावेत. झोताचा मध्य रुंदीच्या दोन-तृतीयांशावर रोखला, तर तो उभ्या रेषेशी सुमारे ५८ अंशांचा कोन करतो. ६५ अंशांची मर्यादा यात सांभाळली जाते. आखूड बाजूंवर दिवे लावू नयेत, कारण मध्यरेषेवरून परीक्षकांकडे सरळ येणाऱ्या घोड्याच्या व स्वाराच्या डोळ्यांवर ते थेट येतात. खांब रिंगणाच्या कुंपणाबाहेर असावेत, हे सांगणे नकोच.

काळ्या मातीत खांब उभारताना पायाचा विचार वेगळा करावा लागतो. ही माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. उथळ पायावरील खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतो आणि काळजीपूर्वक साधलेला झोताचा कोन बिघडतो. पाया फुगवट्याच्या थराखालील घट्ट मुरुमापर्यंत नेला पाहिजे. भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची बाबही तितकीच गंभीर आहे. खांबातून विजेची गळती झाल्यास जमिनीवर विद्युत्दाबाचा उतार निर्माण होतो. माणसाच्या दोन पावलांतील अंतरापेक्षा घोड्याच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने आणि पायांस लोखंडी नाल असल्याने जो धक्का माणसास जाणवतही नाही, तो घोड्याचा प्राण घेऊ शकतो. गळती होताच प्रवाह तोडणारे साधन प्रत्येक जोडणीवर असणे अनिवार्य समजावे.

ग्रामीण भागातील विजेचा दाब कमी-अधिक होतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या धर्तीचे धातुवाफेचे दिवे दाब उतरताच विझतात व पुन्हा पेटून पूर्ण तेजावर येण्यास कित्येक मिनिटे घेतात. भरधाव घोड्यावर स्वार असता असा अंधार होणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगावयास नको. एल.ई.डी. दिवे तत्काळ लागतात, एवढ्यासाठीही ते श्रेयस्कर. तथापि वीज पूर्णपणे गेल्यास स्वारांनी सावकाश थांबून पायउतार व्हावे इतपत उजेड देणारे बॅटरीवरील दोन-चार दिवे असावेतच. एकाच खांबावरील दोन दिवे विजेच्या निरनिराळ्या फेजवर जोडले, तर एक फेज गेला तरी कोणताही कोपरा काळा पडत नाही.

छप्पर असलेले रिंगण बांधावयाचे झाल्यास दिवसाच्या उजेडाचाही विचार हवा. छपरात अधूनमधून बसविलेल्या पारदर्शक पत्र्यांमुळे जमिनीवर ऊन-सावलीचे पट्टे पडतात आणि प्रत्येक पट्टा घोड्यास आडव्या पडलेल्या दांडीसारखा भासतो. तेथे दुधी पत्रे योजावेत. उत्तरेकडील खिडक्यांतून ऊन येत नाही असा समज आहे, परंतु निफाडच्या अक्षांशावर साधारणपणे २० मे ते २४ जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. म्हणून उत्तरेकडेही पुढे आलेली पडवी ठेवावी.

६. रिंगणाबाहेरचा अंधार

प्रकाशयोजनेचे यश रिंगण किती उजळले यावर जसे अवलंबून असते, तसेच रिंगणाबाहेर किती अंधार राखला यावरही. याची पहिली बाजू घोड्याच्या हिताची आहे. घोडीचे ऋतुचक्र दिवसाच्या लांबीवर चालते. समशीतोष्ण देशांत हिवाळ्यात घोड्यांना रोज सुमारे १६ तास प्रकाशात ठेवून ते मुद्दाम लवकर सुरू करण्याची पद्धत आहे. जो परिणाम तेथे हेतुपुरस्सर साधला जातो, तो रिंगणाचे दिवे तबेल्यात शिरल्याने नकळत घडू नये. कातडीवरील केसांची गळती व वाढ हीसुद्धा प्रकाशावर अवलंबून असते. म्हणून तबेल्याकडे झोत जाऊ देऊ नये. तबेल्यापासून रिंगणापर्यंतची वाट मात्र २० ते ५० लक्सच्या मध्यम प्रकाशाची ठेवावी आणि त्या वाटेवर घोडा काही मिनिटे कदम चालीने फिरवूनच आत न्यावा. एवढ्या साध्या शिस्तीने बुजण्याचे अनेक प्रसंग टळतात.

दुसरी बाजू निफाड तालुक्याची म्हणून विशेष आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर-मध्यमेश्वर येथील जलाशय हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र असून ती घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. हिवाळ्यात तेथे दूरदेशचे पक्षी येतात, आणि रिंगणाचे दिवे अधिक काळ जळणार तेही नेमके हिवाळ्यातच. रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची दिशा वर जाणाऱ्या कृत्रिम प्रकाशाने चुकते, ही गोष्ट सुविदित आहे. दिव्याची काच जमिनीस समांतर ठेवली व वरच्या बाजूस पूर्ण आच्छादन दिले, तर क्षितिजाच्या वर प्रकाश जवळजवळ जातच नाही. असममित परावर्तकाचे दिवे याकरिताच बनविलेले असतात. त्यांची काच आडवी राहूनही झोत पुढे जातो. जो प्रकाश आकाशात जातो तो विजेच्या देयकात मोजला जातो, घोड्याच्या उपयोगी मात्र पडत नाही. पक्ष्यांचे हित व मालकाचे हित येथे एकच आहे.

तिसरी बाजू किड्यांची. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्यांभोवती जमतात, हे खेडोपाडी सर्वांनी पाहिलेले आहे. निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. किड्यांनी त्रस्त झालेला घोडा मान झाडतो, शेपटी फटकारतो व स्वाराच्या आज्ञेकडे त्याचे लक्ष राहत नाही. ३००० ते ४००० केल्विनचा उबदार पांढरा प्रकाश निवडल्यास हा उपद्रव कमी होतो, आणि सभोवतीच्या द्राक्षबागांकडेही कीटकांचे आकर्षण वाढत नाही.

७. पडताळणी

आराखडा कागदावर कितीही बिनचूक असला तरी त्याची परीक्षा जमिनीवरच होते. रिंगणाचे ५ मीटर बाजूच्या ४८ चौरसांत विभाजन करून प्रत्येकाच्या मध्यभागी लक्समापकाने प्रदीपन मोजावे. त्यांतील किमान आकड्यास सरासरीने भागून समतेचा गुणांक काढावा. हे मापन दर सहा महिन्यांनी व दिवे पुसल्यानंतर पुन्हा करावे. निफाडच्या धुळीत न पुसलेला दिवा किती प्रकाश गमावतो, हे त्यातून आपोआप कळून येईल. अडथळ्यांच्या दांड्यांवर पांढरे व गडद निळे पट्टे आलटून पालटून द्यावेत, आणि जमिनीलगतची दांडी नेहमी पांढरी असावी.

सर्वांत शेवटी यंत्राने न होणारी एक परीक्षा उरते. स्वारावाचून, लांब दोरीवर, एखादा शांत स्वभावाचा घोडा रिंगणाच्या सर्व भागांतून सावकाश फिरवावा व त्याचे कान न्याहाळावेत. ज्या जागी तो वारंवार थबकतो, मान उंचावतो किंवा आतल्या बाजूस सरकतो, तेथे आकड्यांत न आलेली एखादी छाया, चकाकी अथवा प्रतिबिंब हमखास सापडते. जुना मोतद्दार हीच परीक्षा पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. लक्समापकाने तिची जागा घेतलेली नाही, तिचा अर्थ तेवढा स्पष्ट केला आहे. अखेर रिंगणातील दिवे माणसाने लावले असले, तरी ते ज्याच्या डोळ्यांसाठी आहेत त्याचा कौल घेतल्यावाचून ती योजना पुरी झाली असे म्हणता येणार नाही.